शिंपल्यातलं तापमान आणि पंचगंगेची अडचण

शिंपल्यावरून प्राचीन समुद्राचं तापमान काढायची कल्पना दुसऱ्या महायुद्धानंतरची. हेरॉल्ड युरी यांना जड हायड्रोजनच्या शोधासाठी 1934 चं नोबेल मिळालं होतं. 1947 मध्ये त्यांनी गणित मांडलं: शिंपल्याच्या कॅल्शियम कार्बोनेटमध्ये ऑक्सिजनचे हलके (16) आणि जड (18) अणू कोणत्या प्रमाणात बसतात, हे पाण्याच्या तापमानावर ठरतं. पाणी गार तर जड अणू जास्त. फरक मात्र अगदी किरकोळ, एका अंशामागे दहा हजारांत दोन-अडीच भागांचा. तेवढं मोजू शकणारं मास स्पेक्ट्रोमीटर, म्हणजे अणू-रेणू वजनानुसार वेगळे करून मोजणारं यंत्र, आधी तयार करावं लागलं.

शिकागोत सॅम्युएल एपस्टाइन आणि सहकाऱ्यांनी ठरावीक तापमानाच्या पाण्यात वाढलेले शिंपले तपासून सूत्र बसवलं. पण गाजला तो एक बेलेम्नाइट, म्हणजे माकुळाचा जुरासिक काळातला भाऊबंद. त्याच्या शरीरातल्या चुनखडी दांड्याला झाडाच्या खोडासारखी वलयं असतात. एकेका वलयाची पूड काढून फॉस्फोरिक आम्लात टाकली, निघालेला कार्बन डायऑक्साइड यंत्रात मोजला. तीन उन्हाळे, चार हिवाळे निघाले. हा प्राणी साधारण चार वर्षांचा होऊन वसंतात मेला, असं युरींनी 1951 मध्ये छापलं. पंधरा कोटी वर्षांहून जुन्या जिवाच्या मरणाचा ऋतू! इतकी चैन इतिहासकारांना क्वचितच मिळते.

गोम सूत्रातच होती. मुळात पाण्यात ऑक्सिजन-18 किती होता, हे गृहीत धरावं लागतं. 1955 मध्ये चेझारे एमिलियानी यांनी समुद्रतळाच्या गाळातल्या सूक्ष्म कवचांवरून हिमयुगांची तापमानं काढली. 1967 मध्ये निकोलस शॅकल्टन यांनी दाखवलं, की त्या चढउतारांत मोठा वाटा बर्फाचा आहे. हलका ऑक्सिजन हिमस्तरांत अडकतो, समुद्र जड उरतो. 2006 मध्ये प्रोसेनजित घोष आणि सहकाऱ्यांनी जड कार्बन व जड ऑक्सिजन एकमेकांना किती प्रमाणात चिकटतात हे मोजून, पाण्याचा प्रश्न बाजूला ठेवणारी पद्धत मांडली.

कोल्हापूरच्या पायाखाली लाव्हाचा काळा कातळ. इथे बेलेम्नाइट शोधण्यात अर्थ नाही. पण नदीतल्या शिंपल्यांना हेच रसायन लागू पडतं, फक्त उलट्या बाजूने. समुद्रात अडचण ठरलेलं पाणी इथे कामाचं होतं. जोरदार मोसमी पावसात जड ऑक्सिजन कमी असतो, तर उन्हाळ्यात बाष्पीभवनाने तो नदीत वाढतो. त्यामुळे पंचगंगेच्या शिंपल्यात तापमानापेक्षा पाऊसच जास्त उमटायला हवा: गगनबावड्याकडे कोसळलेला, कुंभी-भोगावती या उपनद्यांतून खाली आलेला. आमच्याकडे पुराची आठवण 2005, 2019, 2021 अशी सालांनी निघते. माणसांच्या आठवणीपलीकडच्या पावसाळ्यांसाठी जुन्या गाळातले शिंपले उपयोगी पडू शकतात.

एक पथ्य मात्र पाळावं लागतं. गढूळ पाण्यात शिंपला मिटून बसला, तर तेवढे दिवस नवा थर पडत नाही, आणि नेमका पुराचा आठवडाच नोंदीतून गळू शकतो. म्हणून आधी सूक्ष्मदर्शकाखाली वाढीच्या रेषा बघायच्या, खंड कुठे पडलाय ते हेरायचं, आणि मगच पूड काढायची.