यकृताचा मुका मार (इंदूर)

कातडी न फाटता आत बसलेल्या माराला मराठीत मुका मार म्हणतात. पोटाला असा मार लागला की प्लीहा आणि यकृत या दोन अवयवांना सर्वाधिक इजा होते. बोलताना आपण ‘काळीज’ म्हणतो ते हृदयाला. पण खाटकाकडची कलेजी म्हणजे यकृत, आणि काळीज या शब्दाचा मूळ अर्थही तोच.

यकृत साधारण दीड किलोचे, भरीव आणि ठिसूळ असते. त्यातून मिनिटाला सुमारे दीड लिटर रक्त वाहते आणि त्यातले जवळपास तीन चतुर्थांश पोर्टल शिरेतून, म्हणजे आतड्यांकडून यकृतात जाणाऱ्या मोठ्या शिरेतून, येते. गाडी धडकून शरीर जागीच थांबते, यकृत मात्र पुढे रेटले जाते आणि जिथे ते बंधांनी जखडलेले असते तिथे चिरते. दुचाकीवाल्याच्या उजव्या बरगडीखाली कधी कधी हँडलच्या टोकाचा रुपयाएवढा गोल वळ दिसतो. बाहेर एवढीच खूण असते आणि आत लिटरभर रक्त साचलेले असू शकते.

इंदूर आग्रा–मुंबई रस्त्यावर आहे. मानपूर-धामनोदकडचा गणेश घाट ट्रकच्या अपघातांसाठी कुप्रसिद्ध आहे. धार, झाबुआ, खरगोनकडचे जखमी बहुधा ‘रेफर’ होऊन महाराजा यशवंतराव रुग्णालयात, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेल्या ‘एमवाय’मध्ये, येतात. 1948 मध्ये सुरू झालेल्या महात्मा गांधी स्मृती वैद्यकीय महाविद्यालयाशी ते जोडलेले आहे. वाटेतल्या दवाखान्यात सलाइनच्या बाटल्यांवर बाटल्या चढवल्या तर रक्त पातळ आणि शरीर गार होते, आणि गार शरीरात रक्त नीट गोठत नाही. म्हणून डोक्याला मार नसेल तर रक्तस्राव आटोक्यात येईपर्यंत रक्तदाबाचा वरचा आकडा 80–90 च्या आसपास राखणे पुरे मानतात. रक्ताची गुठळी टिकवून धरणाऱ्या ट्रानेक्झामिक आम्लाचे स्वस्त इंजेक्शन अपघातानंतर तीन तासांच्या आत दिले तर मृत्यू घटतात. भारतासह 40 देशांतल्या वीस हजारांवर रुग्णांवर झालेल्या क्रॅश-2 चाचणीचा हा निष्कर्ष 2010 मध्ये प्रसिद्ध झाला. तीन तासांनंतर दिले तर ते अपायकारक ठरू शकते, हेही त्याच आकड्यांतून पुढे कळले.

खाटेशेजारच्या सोनोग्राफीत पोटात रक्त आहे की नाही ते कळते. ते कुठून येते हे सांगायला सीटी स्कॅन लागतो. त्यावरून इजेला 1 ते 5 अशी श्रेणी देतात. पहिलीत चीर एक सेंटिमीटरहून उथळ असते, तर पाचवीत एका खंडाचा 75 टक्क्यांहून अधिक भाग फाटलेला असू शकतो. मात्र पोट उघडायचे की नाही हे श्रेणीपेक्षा नाडी आणि रक्तदाब ठरवतात. पूर्वी पोटात रक्त दिसले की शस्त्रक्रिया ठरलेली असे. पोट उघडल्यावर अनेकदा चिरेतला रक्तस्राव आपोआप थांबलेला आढळे. आधी लहान मुलांत आणि मग मोठ्यांत, न कापता थांबण्याची पद्धत रूढ झाली. आज मुक्या माराच्या बहुतेक स्थिर रुग्णांना असेच सांभाळतात.

नातेवाइकांना हे थांबणे पटत नाही. इंदूरच्या रामबागेतल्या एखाद्या मराठी घरातले काका वॉर्डाच्या दाराशी दर तासाला विचारतात, ‘‘डॉक्टरसाहेब, ऑपरेशन केव्हा घेताय?’’ काहीच करत नाहीत असे त्यांना वाटते. खरे तर थांबण्याला कापण्याहून अधिक माणसे लागतात: तासातासाला नाडी, दाब आणि लघवी मोजणारी परिचारिका, सहा-आठ तासांनी हिमोग्लोबिन, आणि पहाटे तीनलाही तयार असलेले शस्त्रक्रियागृह. एका परिचारिकेकडे अर्धा वॉर्ड असला की ही पद्धत लंगडी पडते. अशा ठिकाणी काठावरच्या रुग्णाचे पोट उघडण्याचा निर्णय लवकर घेतला तर त्याला घाई म्हणता येत नाही. कॅथेटरने, म्हणजे रक्तवाहिनीत सरकवलेल्या बारीक नळीने, फाटलेली धमनी आतून बुजवण्याची सोय चोवीस तास मिळेलच असे नाही.

दाब कोसळत असेल तर वाट पाहत नाहीत. ग्लासगोच्या प्रिंगल यांनी 1908 मध्ये सांगितलेली युक्ती अजून पहिली चालते: यकृताकडे जाणारा रक्तवाहिन्यांचा जुडगा दोन बोटांत धरायचा. तरीही रक्त उसळत राहिले तर ते मागच्या यकृतशिरांतून येते आहे असे समजायचे, आणि ती सगळ्यांत वाईट बातमी. मग यकृताभोवती मोठ्या गॉजच्या घड्या दाबून बसवतात, किती घातल्या तो आकडा केसपेपरवर ठळक लिहितात आणि पोट तात्पुरते झाकून रुग्णाला अतिदक्षता विभागात नेऊन ऊब देतात. एक ते तीन दिवसांनी पुन्हा उघडून तेवढ्याच घड्या मोजून बाहेर काढतात. यासाठी महागडे यंत्र लागत नाही, म्हणून गरीब देशांतल्या रुग्णालयांना ही पद्धत विशेष उपयोगी आहे.

रक्त हा वेगळा प्रश्न. अनेक ठिकाणी बदली रक्तदाता शोधायला नातेवाईकच पळतात, आणि अपघातातल्या अनोळखी रुग्णाला पळणारेच कोणी नसते. खर्चासाठी मे 2025 पासून केंद्राची योजना आहे. तीत रस्ते-अपघातग्रस्ताला सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे रोकडविरहित उपचार मिळतात.

घरी सोडल्यावरही धोका राहतो. चिरेतून पित्त गळून साचते, गळू होते, किंवा धमनी पित्तनलिकेत फुटून शौचावाटे काळे रक्त जाते, कधी कधी कित्येक आठवड्यांनी. तोवर रुग्ण झाबुआच्या आपल्या पाड्यावर पोहोचलेला असतो. म्हणून सोडताना सोबतच्या माणसाला तोंडी सांगतात: दोन-तीन महिने जड उचलायचे नाही, आणि ताप आला, डोळे पिवळे झाले किंवा काळी शी झाली तर गावात न थांबता परत यायचे.