पॅकेटच्या आत डोकावू नये

इंटरनेटवरून जाणारा मजकूर, मग तो चार ओळींचा निरोप असो वा अख्खा चित्रपट, सलग जात नाही. त्याचे साधारणपणे १५०० बाइटपर्यंतचे तुकडे, म्हणजे पॅकेट, केले जातात, प्रत्येकाच्या शीर्षभागात पाठवणाऱ्याचा व घेणाऱ्याचा आयपी पत्ता असतो, आणि वाटेतला राउटर तो पत्ता पाहून पॅकेट पुढे धाडतो. आतल्या मजकुराशी त्याला कर्तव्य नसते. याच साधेपणामुळे वर्ल्ड वाइड वेब कोणत्याही दूरसंचार कंपनीची परवानगी न मागता उभे राहू शकले, आणि मला हेच इंटरनेटचे सर्वांत मोठे बळ वाटते. सेवा कोणाची आहे हे पाहून नेटवर्कने भेदभाव करू नये, या तत्त्वाला इंटरनेटची तटस्थता (नेट न्यूट्रॅलिटी) म्हणतात.

पुढे पॅकेटमधला मजकूर जाता जाता तपासणारी यंत्रे आली. अमेरिकेतील कॉमकास्ट या इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीची यंत्रणा बिटटोरेंट या पद्धतीने थेट एकमेकांशी फाइलची देवघेव करणाऱ्या दोन संगणकांना एकमेकांच्या नावाने जोडणी तोडण्याची बनावट पॅकेट पाठवत असल्याचे २००७ साली उघड झाले. प्रत्येक संगणकाचा समज होई की पलीकडच्यानेच संवाद थांबवला. गर्दीच्या वेळी वेग आवरणे समजण्यासारखे आहे, पण दुसऱ्याच्या नावाने खोटा निरोप देणे मुळीच नाही.

सर्व पॅकेटना सरसकट सारखेच वागवा, असे इंटरनेटच्या तटस्थतेचे म्हणणे नाही. व्हिडिओ कॉलमध्ये क्षणाचा विलंब खटकतो, ईमेलमध्ये खटकत नाही. हल्ल्याची पॅकेट तर अडवलीच पाहिजेत. हा फरक तांत्रिक गरजेपोटी होतो की सेवा कोणाची आहे हे पाहून, एवढेच तपासायचे असते. निवडक सेवा फुकट देऊन बाकीच्यांसाठी पैसे आकारले, तर वेगाला हात न लावताही तोच पक्षपात साधतो. म्हणूनच भारतात ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, फेब्रुवारी २०१६ मध्ये अशा भेदभावाच्या दरांना मनाई केली.

आज बहुतेक मजकूर कूटबद्ध, म्हणजे वाटेत कोणाला वाचता येऊ नये अशा रूपात, असतो, तरी जोडणीच्या सुरुवातीला संकेतस्थळाचे नाव बरेचदा उघडेच जाते, त्यामुळे ठरावीक सेवेचा वेग दाबणे अजूनही शक्य आहे. वापरणाऱ्याला व्हिडिओ अडखळताना दिसतो. त्याचे कारण गर्दी आहे की हेतू, हे त्याला कळत नाही. ते ओळखण्यासाठी संशोधक एखाद्या सेवेची नोंदवून ठेवलेली पॅकेट आपल्या सर्व्हरवरून एकदा जशीच्या तशी पाठवतात आणि मग त्यांतील मजकुराचे बिट उलटवून (शून्याच्या जागी एक आणि एकाच्या जागी शून्य करून), त्याच आकारात व त्याच क्रमाने पुन्हा पाठवतात. ओळख पुसलेली ही दुसरी खेप प्रत्येक चाचणीत स्पष्टपणे वेगाने पोहोचू लागली, तर गर्दीचे कारण टिकत नाही.