मार्सेय टॅरो : तलवारी कुठल्या, काठ्या कुठल्या?

टॅरो म्हणजे प्रश्न विचारून अर्थ लावायचे, म्हणजेच ‘वाचायचे’ पत्ते; मार्सेय हा त्यांचा जुना फ्रेंच प्रकार. प्रत्येक पत्त्यावर प्रसंगाचं चित्र असलेल्या रायडर-वेट डेकवर (पत्त्यांच्या संचावर) हात बसलेला माणूस मार्सेयचे आकड्यांचे पत्ते पहिल्यांदा पसरतो, तेव्हा चार प्रकारांपैकी कप आणि नाणी लगेच ओळखतो. गाडी अडते ती तलवारी आणि काठ्यांपाशी. दोन्हींत रंगीत पट्ट्या एकमेकींत अडकलेल्या, बाजूंना रोमन आकडे, मधूनमधून पानं-फुलं. आमच्या सोलापूरच्या टॅरो गटात नवीन येणारे हमखास इथेच थांबतात. त्यांना घाई करू नका असं मी कळकळीने सांगते, कारण इथे गल्लत झाली की पुढचं सगळं वाचन भरकटतं.

खूण सोपी आहे. तलवारी वाकतात, काठ्या वाकत नाहीत. तलवारींच्या कमानी वर-खाली एकमेकींत गुंततात आणि मध्ये लंबगोल जागा मोकळी राहते. या कमानींना मूठ दिसत नाही, म्हणून डोळा फसतो. काठ्या सरळ, तिरक्या आणि ऐन मध्यावर एकमेकींना छेदणाऱ्या, चादरीतल्या उभ्या-आडव्या धाग्यांसारख्या. तलवारींचं पोट रिकामं, काठ्यांचं गच्च.

हा फरक फार जुना आहे. इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यात ममलूक काळातले, म्हणजे मध्ययुगीन इजिप्तच्या ममलूक सुलतानांच्या वेळचे पत्ते आहेत. त्यांतल्या तलवारीही बाकदार, आणि काठ्यांच्या जागी पोलोच्या काठ्या.

विषम आकड्यांत, म्हणजे 3, 5, 7, 9 मध्ये, दोन्हीकडे मधोमध एक उभी वस्तू येते. काठ्यांत ती आणखी एक काठी, गर्दीत मिसळून गेलेली. तलवारींत मात्र मूठ असलेली खरी तलवार त्या मोकळ्या जागेत शिरते. 2, 4, 6 च्या तलवारींत त्याच जागी फूल असतं.

वाचन इथूनच सुरू होतं. गटातल्या एका ताईंनी विचारलं, युनिफॉर्म शिवायचं युनिट आत्ता वाढवू का? पत्ता आला चार तलवारींचा. चार म्हणजे घडी बसलेली, पाया पक्का. तलवार म्हणजे विचार. फूल चारी बाजूंनी बंदिस्त. मी म्हटलं, बेत अजून मनातच राहू द्या, आधी हिशेब नीट मांडा. तिथे चार काठ्या असत्या, तर मी हातात असलेल्या कामाबद्दल, कारागिरांबद्दल बोलले असते. आकडा तोच, पण सल्ला पार वेगळा.

रायडर-वेटची चित्रं इथे मनातून बाजूला ठेवावी लागतात. 1909 च्या त्या डेकमध्ये चित्रकार पामेला कोलमन स्मिथने तीन तलवारी हृदयात खुपसलेल्या काढल्या. मार्सेयमध्ये हृदय नाही. कमानींच्या आत एक सरळ पातं, दोन्ही बाजूंना डहाळ्या. मला त्यात घोळत पडलेल्या विचाराला मिळालेली धार दिसते. समोरच्याला उगाच प्रेमभंगाची भीती कशाला घालायची?

पत्त्यांवरच्या रोमन आकड्यांचं थोडक्यात : चार हा चार उभ्या रेघांनी लिहितात आणि नऊ पाचाच्या खुणेपुढे चार रेघा देऊन.

दहाच्या पत्त्यावर मात्र जरा थांबा. सम आकडा असूनही काठ्यांत दोन उभ्या काठ्या येतात, आणि तलवारींच्या कमानींत दोन सरळ तलवारी घुसतात. तिथे मधलं सोडून कडेच्या पट्ट्या बघा. त्या वाकलेल्या असतील तर तलवारी.