स्क्रू किती आवळायचा? टॉर्क स्क्रू ड्रायव्हरच्या आग्रहामागचा इतिहास

मुंबईत घरी कामाला आलेला वायरमन खिशातला टेस्टर काढतो, लाइन आहे का ते बघतो आणि बरेचदा त्याच टेस्टरने एमसीबीचा (प्रवाह प्रमाणाबाहेर गेला की आपोआप बंद होणाऱ्या स्विचचा) स्क्रूही आवळतो. टेस्टरचं पातं अरुंद असतं, मूठ बारीक असते. कितीही जोर लावला तरी त्या मुठीतून पुरेसा पीळ, म्हणजेच टॉर्क, स्क्रूपर्यंत पोचत नाही. मोठ्या प्रकल्पांवर आता ठरावीक जोर लागला की 'टक्' आवाज करून थांबणारा टॉर्क स्क्रू ड्रायव्हर दिसू लागला आहे. घरच्या डीबीसाठी, म्हणजे एमसीबी बसवलेल्या वितरण पेटीसाठी, तो हवाच का, हा वाद इलेक्ट्रिशियन मंडळींमध्ये जोरात चालतो. तो समजून घ्यायचा तर थोडं मागे जावं लागतं.

शहरात 1907 साली विजेची ट्राम धावली, 1915 साली खोपोलीहून टाटांची जलविद्युत आली. हळूहळू चाळींतही वीज पोचली. वायर झाकणाऱ्या लाकडी पट्ट्या (केसिंग-कॅपिंग), चिनी मातीचे किटकॅट फ्यूज, पितळेचे दणकट स्क्रू आणि खोलीत एक-दोन दिवे, फार तर एखादा पंखा. 60 वॅटचा दिवा 230 व्होल्टला जेमतेम पाव अँपिअर घेतो. जोड सैल राहिला आणि त्याचा रोध 0.1 ओहम झाला, तरी तिथे तयार होणारी उष्णता वॅटच्या शंभराव्या हिश्श्याहून कमी. म्हणजे ढिलाई खपून जायची. फार तर दिवा लुकलुकायचा.

आता त्याच जोडावर 3 किलोवॅटचा गीझर लावा. प्रवाह 13 अँपिअर, म्हणजे पन्नास पट. उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते, म्हणून ती होते अडीच हजार पट. एका स्क्रूखाली सुमारे 17 वॅट! लहान सोल्डरिंग आयर्नचं टोक 25 वॅटवर चालतं, आणि हा जोड प्लास्टिकच्या आवरणात, बंद डबीत असतो. आवळण्याची पद्धत तीच राहिली, घरातला भार मात्र बदलला. या साऱ्या वादाचं मूळ मला इथे दिसतं.

मधल्या काळात ॲल्युमिनियम आलं. 1960 च्या दशकात आपल्याकडे परकीय चलनाची चणचण होती, तांबं बाहेरून आणावं लागायचं, म्हणून वायर आणि केबलसाठी ॲल्युमिनियमवर भर दिला गेला. मुंबईतल्या जुन्या इमारतींत त्या वायर अजून सापडतात. ॲल्युमिनियम स्क्रूच्या दाबाखाली हळूहळू पसरतं, दाब कमी होतो. वर हवेशी संयोग होऊन त्यावर वीज रोखणारा थर चढतो. अमेरिकेतही साधारण 1965 ते 1973 या काळात घरांना ॲल्युमिनियमची वायरिंग झाली. तिथल्या पाहणीत 1972 पूर्वीच्या अशा घरांत आगीच्या धोक्यापर्यंत तापलेला एक तरी जोड असण्याची शक्यता तांब्याच्या वायरिंगपेक्षा 55 पट जास्त आढळली. 'घट्ट आवळलंय' एवढं पुरेसं नाही, हे तिथे फार मोठी किंमत मोजून कळलं.

लोकांना वाटतं, एमसीबी आहे, ती ट्रिप होईलच. नाही होणार. एमसीबी प्रवाह वाढला की ट्रिप होते. सैल जोडात प्रवाह वाढत नाही, उलट किंचित घटतो. जमिनीत गळणारी वीज ओळखून पुरवठा तोडणाऱ्या आरसीसीबीलाही पत्ता लागत नाही, कारण वीज जमिनीत गळत नाही. स्क्रू तापतो, वायरचं इन्सुलेशन आधी कडक आणि मग काळं पडतं. एसी सुरू-बंद होताना धातू फुगतो, आकसतो आणि जोड आणखी सैल होतो. मुंबईच्या दमट, खाऱ्या हवेत गंजही धरतो. हे सगळं महिनोन्महिने, कोणाला न कळता चालू राहतं.

जोर मोजून आवळायची कल्पना विजेच्या कामातून आलीच नाही. न्यूयॉर्कच्या पाणी खात्यातल्या कॉनराड बार यांनी 1918 साली तसा पाना बनवल्याचं मानलं जातं, तोही जमिनीखालच्या पाइपांचे बोल्ट प्रमाणाबाहेर आवळले जाऊ नयेत म्हणून. वाहन आणि विमान उद्योगाने तो उचलला. वीजकामात आकडे आधी चाचणीच्या मानकांत आले. एमसीबीचा 5 मिलिमीटरचा स्क्रू 2 न्यूटन-मीटरला (हे टॉर्कचं एकक), 4 मिलिमीटरचा 1.2 ला तपासला जातो. कंपन्या शिफारशीचा आकडा माहितीपत्रकात देतात, पुष्कळदा एमसीबीच्या अंगावरही छापतात. तिथे सहसा कुणी बघत नाही.

सक्तीचं पाऊल अमेरिकेच्या वायरिंग संहितेने 2017 साली उचललं: उत्पादकाने आकडा दिला असेल तर कॅलिब्रेट केलेलं साधनच वापरा. 2020 च्या आवृत्तीत ती भाषा थोडी सैल करून 'मान्य पद्धत' चालेल असं केलं. ब्रिटनमध्ये लंडनच्या अग्निशमन दलाने घरगुती डीबीतून लागणाऱ्या आगींकडे लक्ष वेधलं, सैल जोड हे एक प्रमुख कारण होतं. तिथे 2016 पासून घरांत न जळणाऱ्या, म्हणजे मुख्यतः पत्र्याच्या डीबी बसवणं बंधनकारक झालं. मला हा उपाय अर्धवट वाटतो. आग डब्यात कोंडली, स्क्रू सैल तो सैलच.

'वीस वर्षं काम करतोय, हाताला कळतं' हा युक्तिवाद मी आदराने ऐकतो. पण सकाळचा हात आणि सोळावी डीबी संपवणारा संध्याकाळचा हात एक नसतो. शिवाय हात कधी कधी जास्तीकडेही चुकतो: पितळेचे आटे जातात, एमसीबीचं अंग तडकतं, मल्टिस्ट्रँड (अनेक बारीक तारांच्या) वायरच्या तारा तुटतात. पण नुसत्या टॉर्क स्क्रू ड्रायव्हरनेही काम भागत नाही. टर्मिनलमध्ये इन्सुलेशन अडकलं असेल तर आकडा बरोबर येतो आणि जोड खराबच राहतो. मल्टिस्ट्रँड वायरच्या टोकाला सोल्डर मारून ते स्क्रूखाली दाबलं, तर सोल्डर दबत जातं आणि हळूहळू पकड जाते. तिथे क्रिंप केलेलं, म्हणजे दाबून घट्ट बसवलेलं लग किंवा फेरूल (वायरच्या टोकाची धातूची टोपी) हवं. हत्यारही वर्षातून एकदा, किंवा साधारण 5000 वेळा वापरल्यावर तपासून घ्यावं लागतं.

हा खर्च एकट्या वायरमनने का सोसायचा, हा प्रश्न मात्र रास्त आहे. मीटर रूमची, लिफ्टच्या पॅनेलची, पंपाच्या स्टार्टरची देखभाल ठेकेदाराकडे देताना सोसायटीने करारातच लिहून घ्यावं: मेन स्विच, एमसीबी आणि न्यूट्रल लिंक (न्यूट्रल वायर एकत्र जोडणारी पट्टी) यांचे स्क्रू कंपनीच्या आकड्यानुसार टॉर्क करायचे आणि तो आकडा तारखेसह डीबीच्या दाराच्या आत चिकटवायचा. सुरुवात न्यूट्रल लिंकपासून करावी. तिथला जोड सुटला की थ्री-फेज इमारतीत कुणाच्या घरी व्होल्टेज 230 वरून कितीतरी वर चढतं आणि टीव्ही-फ्रिज जळतात.