गोचीडजन्य मेंदूज्वर आणि मज्जासंस्था

गोचीडजन्य मेंदूज्वर हा संसर्ग झालेली गोचीड चावल्याने होणारा विषाणुजन्य आजार आहे. त्यात मेंदू, त्याची आवरणे आणि कधी कधी मज्जारज्जू यांना सूज येते. त्याचा विषाणू डेंगी, पीतज्वर आणि जपानी मेंदूज्वर यांच्या विषाणूंचा भाऊबंद असून त्याचे युरोपीय, सायबेरियन आणि अतिपूर्वेकडील असे तीन मुख्य उपप्रकार आहेत. ऑस्ट्रियातील डॉक्टर हान्स श्नायडर यांनी १९३१ मध्ये या आजाराचे वर्णन केले. १९३७ मध्ये लेव्ह झिल्बर यांच्या नेतृत्वाखालील सोव्हिएत मोहिमेने रशियाच्या अतिपूर्व भागात त्याचा विषाणू शोधला.

विषाणू गोचिडीच्या लाळेतच असल्याने चावा घेतल्यापासून काही मिनिटांत तो त्वचेत उतरू शकतो. म्हणून गोचीड लगेच उपटून काढली की धोका टळला, असे इथे म्हणता येत नाही. काढावी लवकरच, पण तेवढ्यावर विसंबू नये. चावा दुखत नाही आणि अनेक रुग्णांना तो आठवतही नाही. संसर्ग झालेल्या शेळ्या, मेंढ्या किंवा गायींचे न तापवलेले दूध पिऊनही हा आजार होतो.

त्वचेतल्या प्रतिकारपेशींमधून विषाणू जवळच्या लसिका ग्रंथींत आणि तिथून रक्तात जातो. साधारण एक-दोन आठवड्यांनी ताप, अंगदुखी, थकवा सुरू होतो; रक्तातल्या पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट कमी होतात. काही दिवसांत ताप उतरतो. अनेकांचा आजार इथेच संपतो. बाकीच्यांना आठवडाभर बरे वाटते आणि मग पुन्हा जोराचा ताप चढतो, डोके ठणकते, उलट्या होतात. याला ‘आजार उलटला’ म्हणणे दिशाभूल करणारे आहे, कारण मधल्या शांत दिवसांतच विषाणूने मेंदू गाठलेला असतो. असा दुहेरी ताप युरोपीय उपप्रकारात ठळक दिसतो. अतिपूर्वेकडील उपप्रकारात आजार बहुधा सलग वाढत जातो.

रक्तातून मेंदूत सहजासहजी काही शिरू नये म्हणून रक्तवाहिन्यांच्या भिंतीत एक अडसर असतो. तो फुटतो आणि विषाणू आत घुसतो, असे वाटणे स्वाभाविक आहे. उंदरांवरील प्रयोगांत मात्र क्रम उलटा दिसला: विषाणू आधी मेंदूत पोचतो, अडसर पाझरू लागतो तो नंतर. आत गेल्यावर त्याचे मुख्य भक्ष्य म्हणजे मज्जापेशी. त्या काही प्रमाणात विषाणूमुळे मरतात, तर काही प्रमाणात त्याच्या मागावर आलेल्या शरीराच्याच टी-पेशींमुळे (या प्रतिकारपेशींचाच एक प्रकार). सुजेचे प्रमाण आणि विषाणूचे प्रमाण यांचा मेळ नेहमी बसत नाही, तो यामुळे.

लक्षणे कोणती दिसतील हे घाव कुठे पडला यावर ठरते. फक्त आवरणे सुजली तर मान ताठरते आणि उजेड सोसत नाही; असे रुग्ण बहुधा पूर्ण बरे होतात. सूज मेंदूच्या ऊतीत उतरली की गुंगी, गोंधळ, झटके आणि हातांना कंप. तोल सांभाळणारा लहान मेंदू तडाख्यात सापडला तर चाल झोकांड्या खाते. स्वतःच्या नाकाला बोट लावायला सांगितले की बोट थरथरत गालाकडे सरकते. एमआरआयमध्ये बदल दिसलेच तर ते बहुतेक थॅलॅमस या मेंदूच्या खोलवरच्या भागात असतात, पण पुष्कळ रुग्णांचा एमआरआय स्वच्छच येतो.

सर्वांत वाईट घाव मज्जारज्जूच्या पुढच्या भागातील, स्नायूंना हुकूम देणाऱ्या पेशींवर बसतो. पोलिओतही याच पेशी मरतात, पण पोलिओ पायांकडे झुकतो आणि हा आजार मान, खांदे व दंडाकडे. रुग्ण बोटांनी सदऱ्याचे बटण लावू शकतो, पण केस विंचरायला हात वर जात नाही. तीव्र आजारात मान पुढे लोंबते. हे स्नायू पुढे झिजतात आणि क्वचितच पूर्ववत होतात. घाव मेंदूला मज्जारज्जूशी जोडणाऱ्या मस्तिष्कस्तंभापर्यंत गेला तर गिळणे आणि श्वास दोन्ही अडतात.

युरोपीय उपप्रकारात मृत्यूचे प्रमाण सुमारे १ ते २ टक्के आहे. अतिपूर्वेकडील उपप्रकारात ते २० टक्के किंवा त्याहूनही जास्त नोंदले गेले आहे. मुलांमध्ये आजार सहसा सौम्य असतो आणि वयाबरोबर तीव्रता वाढते. वाचलेल्यांपैकी बऱ्याच जणांना महिनोन्‌महिने विसराळूपणा, चिडचिड, डोकेदुखी, तोल जाणे असा त्रास उरतो. बाहेरून धडधाकट दिसणाऱ्या माणसाच्या या तक्रारी घरचे आणि कामावरचे गांभीर्याने घेत नाहीत. रशियात या आजारानंतर एक वेगळी अपस्मारावस्थाही आढळते: हाताचा किंवा चेहऱ्याचा एकच भाग सतत उडत राहतो. तिला रशियन मज्जाविकारतज्ज्ञ कोझेव्हनिकोव्ह यांचे नाव आहे.

निदानासाठी रक्तातील आणि पाठीच्या मणक्यातून काढलेल्या पाण्यातील प्रतिपिंडे तपासतात. पीतज्वराची किंवा जपानी मेंदूज्वराची लस घेतलेल्यांत ही चाचणी फसवू शकते. विषाणूवर नेमके औषध नाही. सूज, झटके आणि श्वास सांभाळणे एवढाच उपचार. लस मात्र प्रभावी आहे. ऑस्ट्रियाने १९८१ पासून व्यापक लसीकरण केल्यावर तिथले रुग्ण झपाट्याने घटले.

गोचिडीमुळे मज्जासंस्था बिघडली म्हणजे हाच आजार, असे नव्हे. गोचिडीमुळेच होणाऱ्या लाइम आजारात चेहऱ्याची एक बाजू लुळी पडू शकते, पण तो जिवाणूंचा असल्याने प्रतिजैविकांनी बरा होतो. ‘गोचीड-पक्षाघात’ तर संसर्गच नाही. तो लाळेतल्या विषाने होतो. पाय लुळे पडून अशक्तपणा वर चढत जातो, पण ताप नसतो. अशा रुग्णाचे केस, कानांच्या मागची जागा आणि काखा नीट चाळून पाहतात, कारण उत्तर अमेरिकेतील प्रकारात गोचीड काढल्यावर तासाभरात ते एक-दोन दिवसांत हातापायांत बळ परत येऊ लागते.