कांद्याची निर्यातबंदी आणि चिपचे निर्यात नियंत्रण

नाशिक जिल्ह्यात निर्यातबंदी हा शब्द कोणाला समजावून सांगावा लागत नाही. ७ डिसेंबर २०२३ च्या अधिसूचनेने कांद्याची निर्यात एका रात्रीत थांबली, ठिकठिकाणचे लिलाव बंद पडले, चांदवडला रास्ता रोको झाला आणि ४ मे २०२४ ला बंदी उठली तीही टनाला ५५० डॉलर किमान निर्यातमूल्य आणि ४० टक्के शुल्काचे लोढणे गळ्यात अडकवूनच. अडचण एवढीच, की हाच अनुभव डोक्यात ठेवून आपण ‘अमेरिकेची चीनवर चिपबंदी’ असे मथळे वाचतो. बंदी, निर्बंध, नियंत्रण आणि आयातशुल्क हे चार शब्द आलटूनपालटून वापरण्याच्या सवयीचा मला मनापासून वैताग आहे.

ढोबळ फरक लवकर उरकतो. कांदा थांबवला जातो तो देशातला भाव पाडण्यासाठी. चिप थांबवली जाते ती विशिष्ट ग्राहकाच्या हाती ताकद जाऊ नये म्हणून. आयातशुल्काचा या दोहोंशी संबंध नाही, त्यात माल येतो आणि महाग होतो.

खरी गफलत होते ती वेशीबाबत. आपली बंदी देशाच्या सीमेवर संपते. न्हावा शेवाहून एकदा कंटेनर दुबईला पोहोचला, की पुढे तो कांदा कोणी कोणाला विकला हे दिल्ली विचारत नाही. अमेरिकेचे नियंत्रण मात्र तंत्रज्ञानाला चिकटलेले असते आणि ते जाईल तिथे त्याच्यामागे जाते. निफाडच्या एन-५३ वाणाचे बी नेऊन बांगलादेशातल्या शेतकऱ्याने स्वतःच्या रानात कांदा पिकवला आणि तो मलेशियाला विकण्यासाठी त्याला दिल्लीचा परवाना काढावा लागला, तर आपण हसू. चिपच्या व्यवहारात कायदा नेमका हाच आहे.

मे २०१९ मध्ये अमेरिकेच्या वाणिज्य खात्याने हुआवे या चिनी दूरसंचार कंपनीला, जिला अमेरिकी माल विकायला परवाना लागतो अशांच्या यादीत टाकले, तरी तैवानची टीएसएमसी ही चिप कंपनी हुआवेसाठी चिप बनवत राहिली, कारण तो माल तैवानचा होता. मे २०२० मध्ये नियम बदलला आणि अमेरिकी सॉफ्टवेअर किंवा यंत्रे वापरून परदेशात बनवलेल्या, हुआवेच्या आराखड्यावरच्या चिपलाही परवाना लागू लागला. सप्टेंबरच्या मध्यानंतर टीएसएमसीचा पुरवठा थांबला. त्या मालाने अमेरिकेच्या भूमीवर पाऊलही ठेवले नव्हते. ७ ऑक्टोबर २०२२ च्या नियमांनी तर माणसांनाही कवेत घेतले आणि चीनमधल्या प्रगत चिप कारखान्यांना मदत करणाऱ्या अमेरिकी नागरिकांना परवाना बंधनकारक केला. कांदाबंदीत दुबईतल्या भारतीय हमालाला कोणी पोती खाली ठेवायला सांगितले नव्हते.

एवढा लांब हात पोहोचतो कसा, हे नेदरलँड्सच्या एएसएमएल कंपनीच्या, चिप छापणाऱ्या सर्वांत प्रगत यंत्रात दिसते. त्यात वितळलेल्या कथिलाचे थेंब सेकंदाला सुमारे ५० हजार या वेगाने सोडून त्यांवर लेसर मारतात, आणि त्यातून निघणाऱ्या १३.५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशाने चिपवरची नक्षी उमटते. हा प्रकाशस्रोत अमेरिकेतल्या सॅन दिएगोच्या सायमर कंपनीचा, जी एएसएमएलने २०१३ मध्ये विकत घेतली. हे यंत्र चीनला पाठवण्याचा परवाना डच सरकारने अमेरिकेच्या दबावापुढे अडवून धरला आहे, आणि सप्टेंबर २०२३ पासून एक पायरी खालच्या काही यंत्रांनाही परवाना लागू लागला.

परवाना म्हटला की पळवाट आणि साठेबाजी आलीच. एआयच्या चिप बनवणाऱ्या अमेरिकेच्या एनव्हिडियाने चीनसाठी वेग उतरवलेल्या ए८०० आणि एच८०० या चिप काढल्या, त्याही ऑक्टोबर २०२३ मध्ये अडवल्या गेल्या. यंत्रांच्या बाबतीत चीनने मिळेल तो माल उचलला. २०२४ च्या पहिल्या तिमाहीत एएसएमएलच्या यंत्रविक्रीतला जवळजवळ निम्मा वाटा चीनचा होता. बंदी असती, तर हा आकडा शून्य दिसला असता.

नाशिकच्या अंबडमध्ये वाहनांसाठी कंट्रोलर बनवणारे माझे एक परिचित म्हणाले, ‘‘आम्हाला कुठे एनव्हिडिया लागते?’’ त्यांच्या तळहाताएवढ्या बोर्डावर तांदळाच्या दाण्याएवढे डायोड होते. असेच स्वस्त भाग बनवणाऱ्या नेक्सपेरिया या कंपनीचा कारभार ३० सप्टेंबर २०२५ ला डच सरकारने आपल्या नियंत्रणाखाली घेतला आणि ऑक्टोबरात चीनने तिचा माल अडवला. तिच्या वेफर, म्हणजे ज्यांतून चिप कापतात त्या सिलिकॉनच्या चकत्या, हॅम्बुर्गला तयार होतात, पण बहुतेक माल कापून, पॅक होऊन बाहेर पडतो तो चीनमधल्या डोंगग्वानहून, त्यामुळे युरोपातल्या मोटार कारखान्यांची धावपळ उडाली. मालक चिनी, कंपनी डच, वेफर जर्मन, आणि नियंत्रण या वेळी बीजिंगचे. नोव्हेंबरात चीनने सूट दिली तीही सरसकट नव्हती. माल नागरी वापरासाठी असला पाहिजे, ही अट होती. लासलगावच्या कांद्याला तो भजीत जाणार की सांबारात, हे कुठल्याही अधिसूचनेने आजवर विचारलेले नाही.