नाव काढणं वेगळं, निर्वसाहतीकरण वेगळं

जुलै २०२० मध्ये अमेरिकेत चार दिवसांच्या अंतराने दोन गोष्टी घडल्या. ९ तारखेला तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने मॅकगर्ट खटल्यात निकाल दिला की, ओक्लाहोमातलं मस्कोगी क्रीक जमातीचं राखीव क्षेत्र अमेरिकी संसदेने (काँग्रेसने) कधी रद्दच केलेलं नाही. १३ तारखेला वॉशिंग्टनच्या अमेरिकन फुटबॉल संघाने १९३३ पासूनचं ‘रेडस्किन्स’ हे नाव सोडत असल्याचं जाहीर केलं. ‘निर्वसाहतीकरण’, म्हणजे वसाहत करणाऱ्यांनी घेतलेली जमीन आणि सत्ता मूळ लोकांकडे परत जाणं, हा शब्द सहसा या दुसऱ्या घटनेला चिकटवला जातो. तो शोभतो मात्र पहिलीला.

नाव किंवा मॅस्कॉट (संघाचं प्रतीक असलेलं पात्र) काढणं हा चित्रणाचा प्रश्न आहे. रेडस्किन ही मूलनिवासींना दिलेली सरळ शिवीच. (मराठीत आजही बिनदिक्कत लिहिला जाणारा ‘रेड इंडियन’ हा शब्दही त्याच गोत्रातला.) चित्रातलं नुकसान मात्र चटकन दिसत नाही. पिसांचा टोप घातलेला योद्धा ‘गौरवाचा’ म्हणून रंगवला, तरी आज हयात असलेला समाज त्यामुळे इतिहासजमा होतो. मानसशास्त्रज्ञ स्टेफनी फ्रायबर्ग यांच्या २००८ च्या प्रयोगांत अशी चित्रं पाहिल्यावर मूलनिवासी विद्यार्थ्यांचा आत्मसन्मान घटलेला आढळला.

पण हे नाव गेलं कसं, ते पाहा. मूलनिवासी कार्यकर्ते १९९२ पासून ट्रेडमार्क नोंदणीविरुद्ध लढत होते. २०१४ मध्ये सहा नोंदण्या रद्द ठरल्या, तरी नाव वापरायला मनाई नव्हतीच. नोंदणीचं संरक्षण तेवढं जाणार होतं. पुढे २०१७ मध्ये एका वेगळ्याच खटल्यात मानहानिकारक ट्रेडमार्क नाकारणारं कलमच घटनाबाह्य ठरलं आणि सगळी मेहनत पाण्यात गेली. शेवटी काम झालं ते स्टेडियमवर जिचं नाव होतं, त्या फेडएक्स कंपनीने मागणी केल्यावर. निर्णय मालकाचा, दबाव प्रायोजकांचा. कुठल्याही जमातीच्या हाती नवा अधिकार आला नाही.

अर्धवट बदल हा नेहमीचा घोळ. कॅन्सस सिटीच्या फुटबॉल संघाने २०२० मध्ये प्रेक्षकांच्या पिसांच्या टोपांवर बंदी घातली, पण संघाचं ‘चीफ्स’ हे नाव, स्टेडियमचं ‘अ‍ॅरोहेड’ हे नाव आणि हात कुऱ्हाडीसारखा हलवत दिलेली आरोळी तशीच राहिली.

आता दुसरी बाजू. मॅकगर्टनंतर त्या क्षेत्रात मूलनिवासी आरोपीवर खटला चालवण्याचा अधिकार ओक्लाहोमा राज्याकडून संघीय आणि जमातीच्या न्यायालयांकडे गेला. घरांच्या मालकीला धक्का लागला नाही. ‘अर्धं ओक्लाहोमा परत दिलं’ ही निव्वळ अफवा. शिवाय २०२२ मध्ये, बिगर-मूलनिवासींनी मूलनिवासींविरुद्ध केलेल्या गुन्ह्यांवर राज्यालाही खटले चालवता येतील, असं त्याच न्यायालयाने ठरवलं. म्हणजे हेही पूर्ण निर्वसाहतीकरण नव्हे, पण वाद निदान सत्तेचा होता. जमिनीचं उदाहरण हवं असेल तर कॅलिफोर्नियातल्या युरेका शहराने २०१९ मध्ये डुलुवाट बेटाचा आपल्याकडचा बहुतांश भाग वियोट जमातीला परत केला. १८६० मध्ये याच बेटावर वियोटांची कत्तल झाली होती.

आपला गोंधळ होतो तो १९४७ मुळे. इंग्रजांनी गाशा गुंडाळला, राज्य आपल्या हाती आलं. अमेरिकेत बाहेरून आलेले परत गेलेच नाहीत. जमीन आजही त्यांच्याच हाती. म्हणूनच ईव्ह टक आणि के. वेन यांग या अभ्यासकांनी २०१२ मध्ये बजावलं की, निर्वसाहतीकरण म्हणजे जमीन आणि जीवन परत मिळणं. हा शब्द रूपक म्हणून वापरू नका.

सर्वात अवघड प्रकरणं संमतीची. २००५ मध्ये एनसीएए या महाविद्यालयीन क्रीडासंस्थेने असल्या मॅस्कॉटांवर निर्बंध आणले, पण फ्लोरिडा स्टेट विद्यापीठाला सूट मिळाली, कारण फ्लोरिडातली सेमिनोल जमात ‘सेमिनोल्स’ या नावाच्या पाठीशी उभी राहिली. तिथला ‘ओसिओला’, म्हणजे सेमिनोल नेत्याच्या वेशातलं पात्र, अपलूसा जातीच्या घोड्यावरून मैदानात येतो. हा घोडा नेझ पर्स जमातीचा, थेट दुसऱ्या टोकाच्या वायव्येचा! चित्रण कच्चं, तरी जमातीच्या शब्दाला इथे वॉशिंग्टनपेक्षा जास्त वजन होतं. नॉर्थ डकोटा विद्यापीठाला ‘फायटिंग सू’ (सू हे तिथल्या मूलनिवासींचं नाव) हे संघाचं नाव टिकवायला दोन सू जमातींची संमती लागत होती. स्पिरिट लेकने २००९ मध्ये मतदानाने होकार दिला, स्टँडिंग रॉककडून तो आलाच नाही. २०१२ मध्ये नाव गेलं.